रात्री भर समुद्रात फुल थ्रॉटल बोट पळवणाऱ्यांनो, जरा ऐका

परवा एका मित्राने बोटीवरच्या प्लॉटरच्या (बोट नकाशावर कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) स्क्रीनचा फोटो पाठवला. वेळ रात्री १:४०, वेग २८ नॉट (ताशी साधारण ५२ किलोमीटर), किनारा कुठेच नाही. खाली लिहिलेलं, "समुद्र काचेसारखा होता, मजा आली." तो खूश होता आणि माझ्या अंगावर काटा आला. त्याला फोन करून बोललोच, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही म्हणून इथे लिहितोय. लांबलचक होणार आहे, पण ज्यांच्या हातात कधी ना कधी थ्रॉटल (बोटीचा वेग कमीजास्त करणारा दांडा) असतो त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

मी स्वतः एकदा धडकलोय. ११ मीटरची फायबरची बोट, आत दोन डिझेल इंजिनं, आम्ही चौघं, पहाटेचे साडेचार वगैरे वाजले असतील, अजून उजाडायचं होतं आणि सुकाणू माझ्याकडे होतं. वेग २४ नॉट. रडार स्वच्छ, प्लॉटर स्वच्छ, लाटा जवळजवळ नाहीतच, त्यामुळे मी निवांत होतो आणि डोळे बऱ्यापैकी स्क्रीनवर होते. आधी पुढून "धप्प" असा आवाज आला, मग बोटीच्या पोटाखालून काहीतरी गडगडत मागे गेलं आणि मग पाठीमागे लोखंडावर घण घातल्यासारखा आवाज. उजवं इंजिन किंचाळायला लागलं, पूर्ण बोट थरथरत होती. आमच्यातले सगळ्यात अनुभवी काका झोपेतून उठून ओरडले, "थ्रॉटल, आधी थ्रॉटल खाली घे!" आणि मी ते करेपर्यंत त्यांनी इंजिनरूमचं झाकण उघडून टॉर्च आत मारलासुद्धा होता. शाफ्ट, म्हणजे इंजिनपासून पाण्याखालच्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा, जिथून बाहेर जातो तिथून पाणी येत होतं. शाफ्ट वाकला होता, पंख्याची दोन पाती दुमडली होती.

मागे टॉर्च मारला तेव्हा तो दिसला. ओंडका. काळा, चिकट, अंगावर शिंपले धरलेले, पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. म्हणजे तो बरेच दिवस असाच फिरत होता आणि इतक्या मोठ्या समुद्रात आम्ही नेमके त्याच्यावर जाऊन आदळलो. पंप चालू, वर बादल्या, दुसऱ्या इंजिनवर ५ नॉटने रांगत आम्ही परत आलो. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या रात्री माझ्याऐवजी दुसरं कोणी चालवत असतं आणि त्याने मला विचारलं असतं की चूक कोणाची, तर मी काय सांगितलं असतं याचा मी नंतर खूप विचार केला. ओंडका तिथे होता हे माझ्या हातात नव्हतं. २४ नॉट माझ्या हातात होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. अंधारात समोरचं दिसत नसताना वेग कमी करणं सोडलं तर दुसरा कुठलाही उपाय अर्धामुर्धाच आहे.

आता थोडा हिशोब करू, कारण "हळू चालव" असं नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. २८ नॉट म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. एखादी वस्तू ५० मीटरवर दिसली तर तुमच्याकडे साडेतीन सेकंद आहेत, त्यात दिसणं, ती काय आहे हे कळणं, हात हलणं आणि बोट वळणं हे सगळं आलं. तेच ७ नॉटला १४ सेकंद मिळतात. आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ७ वरून २८ ला गेलात तर वेग चौपट पण धडक सोळापट. त्याच ओंडक्याला ७ नॉटने लागलात तर बहुतेक वेळा दणका बसतो, रंग जातो, फार तर फायबरला तडा. २८ ला लागलात तर बोटीचं पोट फाटू शकतं.

आणि ओंडका म्हणजे जळणाचं लाकूड डोळ्यासमोर आणू नका. ४० सेंटीमीटर जाडीचा आणि ५ मीटर लांबीचा भिजलेला ओंडका अर्ध्या टनाहून जास्त भरतो. त्यातही सगळ्यात वाईट जात म्हणजे उभा ओंडका. लाकडाचं एक टोक पाणी पिऊन जड होतं आणि खाली जातं, दुसरं टोक पाण्याच्या पातळीवर राहतं, मग तो खांबासारखा उभा तरंगतो आणि लाटेबरोबर वरखाली होतो. लाट आली की अदृश्य, लाट गेली की चार बोटं वर. दिवसासुद्धा तो चटकन दिसत नाही. वर आपली बोट त्याच्यावर जाते तेव्हा तो बाजूला सरकत नाही, त्याचं सगळं वजन खाली उभं असतं.

लोकांना मात्र भीती असते कंटेनरची. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये वन अपस नावाच्या जहाजावरून पॅसिफिकमध्ये १८०० हून जास्त कंटेनर एका वादळात गेले, जानेवारी २०१९ मध्ये एमएससी झोई वरून उत्तर समुद्रात ३४२ गेले. ४० फुटी कंटेनरचं बाहेरचं आकारमान साधारण ७७ घनमीटर असतं आणि माल भरूनही वजन ३० टनांच्या आसपास, त्यामुळे पाण्यात पडल्यावर तो सुरुवातीला तरंगतोच, मग दाराच्या फटींतून हळूहळू पाणी भरतं आणि बहुतेक बुडतात. फ्रीजवाले कंटेनर, ज्यांच्या भिंतीत फोम असतो, ते जास्त काळ तरंगत राहतात, आणि तेव्हा त्यांचा एखादा कोपरा फक्त वर असतो. पण हेही बघा की वर्ल्ड शिपिंग कौन्सिल या जहाज कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभरात २२१ आणि २०२४ मध्ये ५७६ कंटेनर समुद्रात पडले. सगळे समुद्र मिळून. त्यासमोर एखाद्या मोठ्या पुरानंतर एकटी नदी किती झाडं समुद्रात ढकलते ते आठवा. कंटेनरच्या गोष्टी थरारक असतात म्हणून लक्षात राहतात, धोका मात्र साध्या लाकडाचा आणि दोराचा जास्त आहे असं माझं ठाम मत आहे.

दोर आणि जाळी हा वेगळाच त्रास. नायलॉन पाण्यात बुडतं पण पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, आणि तोच सगळीकडे वापरला जातो. पंख्यात अडकला की शाफ्टभोवती गुंडाळत जातो, घर्षणाने वितळून दगडासारखा घट्ट होतो, इंजिन बंद पडतं किंवा शाफ्ट खेचला जाऊन तिथलं पाणी अडवणारं सीलच निसटतं. मग कोणीतरी शूर माणूस तोंडात सुरी धरून पाण्यात उडी मारतो. कृपा करून मारू नका. मोकळ्या समुद्रात बोटीची मागची बाजू लाटेबरोबर मीटरभर उचलते आणि खाली आपटते, खाली तुमचं डोकं असतं. दुसरा काहीच मार्ग नसेल तर निदान इंजिन बंद, चावी काढून खिशात, अंगाला दोर आणि वर एक माणूस सतत लक्ष ठेवून.

"आमची बोट मजबूत आहे" हेही खूप ऐकतो. १९८५ मध्ये ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सनची टीम व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर घेऊन अटलांटिक सगळ्यात वेगात पार करायला निघाली होती. खास त्या कामासाठी बांधलेली बोट, कसलेले लोक. जवळजवळ सगळा महासागर पार झाला, काही तासांचं अंतर उरलं, आणि तरंगत्या कशावर तरी आदळून पोट फाटलं, बोट बुडाली. सगळे वाचले, एका व्यापारी जहाजाने उचललं. पुढच्या वर्षी दुसरी बोट घेऊन त्यांनी तो प्रवास ३ दिवस ८ तास ३१ मिनिटांत केला, ते जिद्दीचं काम आहेच. २००८ मध्ये अर्थरेस ही बोट पृथ्वीप्रदक्षिणेचा रेकॉर्ड करताना पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांजवळ अशाच तरंगत्या वस्तूला लागली, पंखा आणि शाफ्ट गेला, सिंगापूरला दुरुस्ती करून मग तिने ६० दिवस २३ तास ४९ मिनिटांत फेरी पूर्ण केली. या लोकांनी धोका माहीत असून, रेकॉर्डसाठी, पूर्ण तयारीने तो घेतला होता. आपल्याला दोन तास लवकर पोचायचं असतं, बस.

आता रडार. मला रडार आवडतं, त्याच्याशिवाय मी रात्री निघत नाही. पण रडारला उंच आणि कडक गोष्टी दिसतात. ओलं लाकूड, वीतभर वर, लाटांच्या परतीच्या ठिपक्यांमध्ये ते हरवून जातं, आणि आपण स्क्रीन साफ दिसावी म्हणून गाळणी (फिल्टर) वाढवतो तेव्हा उरलंसुरलंही पुसून टाकतो. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. १९७२ चे समुद्रावरचे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत ना, त्यातला सहावा नियम सुरक्षित वेगाचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की रडार असलेल्यांनी वेग ठरवताना हे धरून चालायचं की छोट्या बोटी, बर्फ आणि इतर तरंगत्या वस्तू रडारवर पुरेशा अंतरावरून कदाचित दिसणार नाहीत. इतक्या वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय! परीक्षेसाठी आपण तो नियम पाठ करतो आणि परवाना मिळाला की विसरतो. थर्मल कॅमेऱ्याचंही तेच, माणूस किंवा चालू इंजिन गरम असतं म्हणून उठून दिसतं, पण महिनाभर पाण्यात असलेल्या लाकडाचं तापमान आसपासच्या पाण्याइतकंच असतं. आता कॅमेऱ्यातून वस्तू ओळखणाऱ्या सिस्टिम आल्यात, त्या नक्की सुधारतील, पण पाण्याखाली लपलेलं त्यांनाही दिसत नाही.

मी काय करतो ते थोडक्यात. अंधारात वेग इतकाच ठेवतो की काही लागलं तर बोट तरंगत राहील, माझ्या बोटीला तो ७-८ नॉट आहे, तुमचा तुम्ही ठरवा पण निघायच्या आधी ठरवा, समुद्रात गेल्यावर मोह होतो. मोठा पाऊस किंवा पूर होऊन गेला असेल, किंवा उधाणाची भरती असेल (ती किनाऱ्यावर पडलेले ओंडके पुन्हा उचलून आत आणते) तर एक दिवस थांबतो. दिवसा पाण्यावर फेसाची, शेवाळाची लांब रेष दिसली की ती दोन प्रवाहांची शिवण असते, सगळा कचरा तिथेच गोळा होतो, ती हळू ओलांडतो. पक्षी पाण्यावर उभा दिसला तर तो कशावर तरी उभा आहे. पोलराइज्ड चष्मा, पुढे एक माणूस ज्याला दुसरं काही काम नाही, आणि चालवणाऱ्याच्या अंगाला किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी), कारण धडकेत माणूस बाहेर फेकला गेला तर बोट त्याच्यावरच गोल फिरून येऊ शकते.

आणि पाणी आत यायला लागलं तर काय, हे आधीच ठरलेलं हवं. पाण्याखाली ६० सेंटीमीटरवर ५ सेंटीमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला २०० लिटरपेक्षा जास्त पाणी आत येतं, छोट्या बोटीवरचा साधा बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) त्याला पुरा पडत नाही. म्हणून लाकडी खुंट्या, उशा, ताडपत्री, भोकात कोंबता येईल ते सगळं हाताशी. भोक बुजवायला एक जण, रेडिओवर एक जण, एकाच वेळी.

अजून एक गोष्ट ज्यावर मला खरंच राग येतो. तरंगती वस्तू दिसली, आपण वळसा घातला, पुढे गेलो आणि कोणाला सांगितलंच नाही. मोठ्या जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून पडलेल्या किंवा वाहत असलेल्या कंटेनरची माहिती जवळच्या जहाजांना आणि किनाऱ्याला देणं बंधनकारक झालंय, चांगलं झालं, फार उशिरा झालं. छोट्या बोटींनी कायद्याची वाट का बघायची? सगळ्या बोटी ऐकतात त्या रेडिओच्या चॅनल १६ वर "सिक्युरिते" म्हणून (म्हणजे सुरक्षिततेचा इशारा) कॉल द्यायला, जागा आणि वर्णन सांगायला एक मिनिट लागतो. माझ्या ओंडक्याला लागलेले शिंपले आठवले की मला वाटतं, आमच्या आधी तो कोणाला तरी नक्की दिसला असणार.

मागच्या ट्रिपला संध्याकाळी अशीच फेसाची रेष लागली. वेग खाली घेतला, पुढचा मुलगा ओरडला आणि अर्धा बुडालेला, दोर गुंडाळलेला एक मोठा प्लास्टिकचा ड्रम दहा मीटरवरून बाजूने गेला. ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पाण्याने भरलेला होता, हलेना. मग जागा लिहून घेतली आणि रेडिओवर सांगितलं. पाच-सात मिनिटं शांतता होती. मग एक अनोळखी आवाज आला, त्यांची बोट त्याच रेषेवर आमच्या मागून येत होती, आत दोन लहान मुलं होती म्हणे. त्यांनी जागा दोनदा विचारून घेतली आणि थोड्या वेळाने त्यांचे दिवे हळूहळू उजवीकडे सरकताना आम्हाला दिसले.