शेकाप मराठवाड्यात रुजलाच नाही?

आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. "शेतकरी कामगार पक्ष म्हणजे मॉस्कोच्या हुकमावर चालणारी कम्युनिस्टांची शाखा. विचार नक्षली. रायगडाबाहेर कुणी विचारलं नाही, मराठवाड्यात तर तो रुजलाच नाही. लाल झेंड्याआड जमीनदार मराठ्यांचा पक्ष. शेवटी सगळे सत्तेला विकले गेले." माझं लहानपण नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यात गेलं. दारावरून जाणाऱ्या माणसाला 'भाई' म्हणून हाक मारली की तो शेकापचा हे आम्हा पोरांना कळायचं. त्यामुळं हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी मॉस्को. हा पक्ष काँग्रेसच्या पोटातून निघाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीतली. स्वातंत्र्य आलं तरी काँग्रेसमध्ये शेतकऱ्याला कुणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून १९४७-४८ मध्ये पक्ष उभा राहिला. मार्क्सवाद-लेनिनवाद त्यांनी घेतला हे खरं. १९५० च्या दाभाडी प्रबंधात, म्हणजे पक्षाच्या धोरणाच्या मसुद्यात, तसं उघड लिहिलं आहे, कुणी लपवलेलं नाही. पण कम्युनिस्ट पक्षात विलीन व्हायला शेकाप तयार झाला नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षात जायचं होतं तेव्हा त्यांना शेकाप सोडावा लागला. शाखा असती तर सोडायचं कारणच काय?

नक्षली म्हणणाऱ्यांनी साल तरी पाहावं. ज्यावरून हे नाव पडलं तो नक्षलबारीचा उठाव १९६७ चा. त्याआधी पंधरा वर्षांपासून हा पक्ष निवडणुका लढवत होता, आणि १९६२ पासून दहा वर्षं महाराष्ट्र विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद शेकापच्या कृष्णराव धुळपांकडे होतं.

आता मराठवाडा. सगळ्यात खोटं वाक्य हेच आहे. १९५२ मध्ये आपण हैदराबाद राज्यात होतो. १७५ जागांच्या त्या विधानसभेत शेकापचे १० आमदार निवडून आले. निजामाचं संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईला तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला. कागदावर कूळ संरक्षित झालं, पण गावात मालक त्याच्याकडून 'राजीखुशीचा' राजीनामा लिहून घ्यायचा. अंगठा उठला की जमीन गेली. माझा आजा अंगठेबहाद्दरच होता. आपल्या नावाची नोंद झाली की नाही हे तो तलाठ्याला विचारायलासुद्धा भ्यायचा. पुढं ३८-ई चं, म्हणजे कूळ जमिनीचा मालक झाल्याचं प्रमाणपत्र हातात पडलं ते त्यानं देवाच्या फोटोमागं जपून ठेवलं. कायदा सरकारनं केला, श्रेय एका पक्षाचं नाही. पण तलाठ्याच्या दारात कुळासोबत उभं राहायला आमच्या गावात आला तो भाईच.

पुढं केशवराव धोंडगे कंधारहून वर्षानुवर्षं आमदार होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातला हा माणूस. उस्मानाबादकडं भाई उद्धवराव पाटील. आणि १९७७ ची लोकसभा. शेकापचे देशभरात पाच खासदार निवडून आले. कुलाब्यातून (आजचा रायगड) दि. बा. पाटील, कोल्हापुरातून दाजीबा देसाई. उरलेले तिघं कुठले? लातूरचे उद्धवराव पाटील, नांदेडचे धोंडगे, परभणीचे शेषराव देशमुख. त्याच वेळी बीडमधून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे गेले. मराठवाड्यातल्या आठपैकी चार जागा लाल झेंड्याच्या. आणीबाणीचा राग होता, जनता पक्षाशी समझोता होता, हे मान्य. पण खटारा या शेकापच्या निशाणीवर शिक्का मारायला हात आमच्याच माणसांचे होते. शिवाय बीडनं १९६७ मध्येच नाना पाटलांना कम्युनिस्ट म्हणून दिल्लीला पाठवलं होतं, तेव्हा आणीबाणी कुठं होती?

जातीचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. पुढारी बहुतेक मराठा, मतदारही बरेचसे तेच. पण 'जमीनदार' हा शब्द चुकीचा आहे. पाच-दहा एकर कोरडवाहू, पावसाच्या भरवशावरचा कुणबी तो. खरी उणीव वेगळी होती. 'शेतकरी' या एकाच शब्दात आपला बागाईतदार पाटील आणि त्याच्या शेतावर राबणारा भूमिहीन सालगडी दोघांना बसवलं, की मजुरी वाढवायची वेळ आल्यावर पक्षानं कुणाची बाजू घ्यायची? वर्गाची भाषा बोलणाऱ्या पक्षाला गावकुसाबाहेरच्या वस्तीचा प्रश्न वर्गाच्या खात्यात मांडून सुटत नव्हता. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला तेव्हा शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात शेकाप होता, आणि त्याच ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. सत्तेत असलेल्या लाल झेंड्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि मला तो आजही सलतो. व्हॉट्सॲपवाल्यांना यातलं काही सलत नाही, त्यांना फक्त जात मोजायची आहे.

राहिली 'विकले गेले' ही गोष्ट. जेधे १९५४ मध्येच काँग्रेसमध्ये परतले, त्यांच्यामागून बरेच गेले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं, म्हणजे विरोधकांना काँग्रेसमध्ये सामावून घेण्याचं, राजकारण आलं, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, साखर कारखाने आणि जिल्हा बँका आल्या. ऊस तोडून नेणारा कारखाना, पीककर्ज देणारी सोसायटी, गावाला रस्ता, सगळं सत्तेच्या दारातून मिळायला लागलं. ज्या शेतकऱ्यासाठी पक्ष काढला त्यालाच विरोधात राहणं परवडेना. गेलेल्यांत स्वार्थी होते, तसे गावाला पाणी यावं म्हणून गेलेलेही होते. आणि जे भाई राहिले, त्यांच्यातले कितीतरी सोसायटीचं कर्ज न मिळता, कोरडवाहूवरच राहिले. आमच्या गल्लीतले असे दोघं मी पाहिले आहेत. त्यांना विकलेला म्हणायची माझी जीभ धजत नाही.