गोंडवनाचा इतिहास पडून असताना आफ्रिका कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. आफ्रिकेच्या इतिहासात पीएच.डी. करण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार. ती ज्यांच्या वाचनात आली नसेल त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडते. देवगड-चांद्याच्या गोंड राजवटींचा धड इतिहास अजून लिहिला गेलेला नसताना नागपूरच्या मुलीने युगांडाच्या शेतकऱ्यांपायी उमेदीची वर्षे खर्च करणे ही चैन आहे, हा आपला पहिला आक्षेप. आफ्रिकेत इंग्रज येण्यापूर्वीची लिखित साधनेच नसल्यामुळे तिथला इतिहास म्हणजे ऐकीव गोष्टींची जुळवाजुळव, हा दुसरा. आणि या पदवीला महाराष्ट्रात कोणी विचारत नाही, हा तिसरा. आपण आयुष्यभर इतिहास शिकवला आहे, त्यामुळे हे आक्षेप वाऱ्यावर सोडून देण्यासारखे नाहीत. मात्र मी दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्याच पोटात आहे.

लिखित साधने नाहीत, हे विधान अर्धेच खरे आहे. इथिओपियात गीझ भाषेतल्या राजवृत्तांतांची परंपरा कित्येक शतकांची आहे. टिंबक्टूच्या अल-सादीने सतराव्या शतकात अरबीत लिहिलेला 'तारीख अल-सुदान' हा पश्चिम आफ्रिकेतल्या सोंघाई साम्राज्याच्या इतिहासाचा एक मुख्य आधार मानला जातो. हौसा आणि स्वाहिली या भाषा अरबी लिपीत लिहिल्या जात होत्या. युगांडापुरते बोलायचे, तर बुगांडा राज्याचे मुख्य प्रधान अपोलो काग्वा यांनी १९०१ मध्ये तिथल्या राजांचा इतिहास लुगांडा भाषेत छापला. इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून मी तो वाचते तेव्हा बखर वाचत असल्याचा भास होतो: राजांची वंशावळ, त्यांच्या स्वाऱ्या, कोणत्या कुळाचा दरबारात कोणता मान. काग्वा हे इंग्रजांशी झालेल्या १९०० च्या करारान्वये मोठ्या जमिनी मिळालेल्या सरदारांचे पुढारी होते. त्यामुळे कोणत्या कुळाचा हक्क त्यांनी नोंदवला आणि कोणाचा गाळला, असा प्रश्न तिथल्या अभ्यासकांना पडतो, आणि तो आपण बखरकाराला विचारतो त्याच जातीचा आहे.

तरीही आपला आक्षेप एवढ्याने निकालात निघत नाही, कारण खंडाच्या फार मोठ्या भागात खरोखरच काही लिहिलेले नव्हते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९६३ मध्ये, आफ्रिकेत शिकवण्याजोगा इतिहास आहे तो युरोपीय माणसांचा आणि बाकी सारा अंधार, अशा आशयाचे विधान केले होते. ते केले तेव्हाच शिळे झाले होते. नायजेरियाच्या केनेथ डिके यांनी नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील व्यापारावर लंडनमध्ये लिहिलेला प्रबंध १९५६ मध्ये पुस्तकरूपाने आला होता, केवळ आफ्रिकेच्या इतिहासाला वाहिलेले नियतकालिक १९६० मध्ये सुरू झाले होते आणि यान व्हान्सिना या बेल्जियन इतिहासकाराचा मौखिक परंपरेवरचा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

व्हान्सिनांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ते मूळचे युरोपीय मध्ययुगाचे अभ्यासक. १९५० च्या दशकात काँगोतल्या कुबा राज्यात त्यांनी काम केले, तेव्हा तिथे ऐकलेली वचने आणि मध्ययुगीन युरोपातून हाती आलेले पाठ यांत त्यांना जातीचा फरक दिसला नाही. दोन्ही कोणीतरी कोणाकडून तरी ऐकलेलेच होते. मग हस्तलिखितांसाठी असलेली कसोटी तोंडी परंपरेला का लावू नये? सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकले, शब्द ठरलेले आहेत की दर वेळी बदलतात, हे सांगण्याने कोणाच्या जमिनीला वा गादीला बळ मिळते, आणि याच घटनेचे दुसऱ्या घराण्याने जपलेले कथन कुठे वेगळे पडते, असे प्रश्न त्यांनी शिस्तीने लावले. कुबांच्या परंपरेत एका राजाच्या कारकिर्दीशी खग्रास सूर्यग्रहण जोडलेले आहे. खगोलगणिताने ते १६८० सालचे ठरते, आणि त्या एका खुंट्याला मागच्या-पुढच्या राजांचा कालक्रम बांधता येतो. याला ऐकीव गोष्टींची जुळवाजुळव म्हणायचे असेल तर अवश्य म्हणावे, पण मग ताम्रपटातली वंशावळही राजाच्या पदरी असलेल्या माणसाने रचलेली असते, हे विसरता येणार नाही.

या पद्धतीची परीक्षा न्यायालयातही झाली आहे. केनियात इंग्रज राजवटीविरुद्ध झालेल्या माउ माउ उठावाच्या काळात इंग्रजांनी किकुयू लोकांना छावण्यांत डांबले होते. त्यावर कॅरोलाइन एल्किन्स यांनी हार्वर्डमध्ये प्रबंधासाठी काम सुरू केले, तेव्हा दफ्तरखान्यांत नेमक्या हव्या त्या फायली सापडेनात. सत्ता सोडताना अधिकाऱ्यांनी काही जाळल्या होत्या, काही हलवल्या होत्या. एल्किन्स गावोगाव हिंडून वृद्धांशी बोलल्या. प्रबंधातून निघालेले त्यांचे पुस्तक २००५ मध्ये आले, तेव्हा तोंडी साक्षींवर नको इतका भरवसा ठेवल्याची टीका त्यांच्यावर झाली. पुढे छळ सोसलेल्या काही वृद्धांनी लंडनच्या उच्च न्यायालयात ब्रिटिश सरकारवर दावा लावला, त्यात इतिहासकारांनी तज्ज्ञ म्हणून निवेदने दिली, आणि वसाहतींतून गुपचूप आणलेली दफ्तरे इंग्लंडमधल्या हॅन्सलोप पार्क येथे ठेवलेली असल्याचे २०११ मध्ये सरकारला मान्य करावे लागले. त्यांत केनियाच्या सुमारे १,५०० फायली होत्या, आणि छावण्यांतील मारहाणीची माहिती वरपर्यंत होती हे त्यांतून दिसले. २०१३ मध्ये ५,२२८ जणांच्या दाव्यांपोटी, खर्च धरून, १ कोटी ९९ लाख पौंड देण्याचे सरकारने कबूल केले. एल्किन्स यांच्या मृतांच्या आकड्यांवर आजही वाद आहे आणि तो असायलाही हवा. पण 'कागद नाही म्हणजे घटना नाही' या समजुतीचा फायदा कोणाला होतो, हे या प्रकरणाइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

आता युगांडाच का, याविषयी. बुगांडात १९०३ च्या सुमारास कापसाचे बी वाटले गेले. झोपडीपट्टी भरण्यासाठी (म्हणजे दर झोपडीमागे बसवलेला कर, आपल्याकडची झोपडपट्टी नव्हे) शेतकऱ्याला रोख पैसा हवा होता आणि तो कापसातून मिळत होता. काही वर्षांतच कापूस ही तिथली मुख्य निर्यात झाली. १९२० च्या दशकात बहुतेक जिन (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) भारतीय व्यापाऱ्यांच्या, मुख्यतः गुजरात-काठियावाडकडच्या मंडळींच्या हाती होत्या, आणि तिथली लांब धाग्याची रुई मोठ्या प्रमाणात मुंबईच्या गिरण्यांत येत होती. जिनवाल्यांनी आपापसांत संघ करून खरेदीचा भाव खाली धरल्याच्या आणि वजनात काटा मारल्याच्या तक्रारी त्या काळच्या कागदपत्रांत वारंवार भेटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर रुईचा भाव परदेशात चढला, पण वाढीचा मोठा हिस्सा सरकारने निधीत अडकवून ठेवला, तो शेतकऱ्याच्या हाती आला नाही. एप्रिल १९४९ मध्ये बुगांडात दंगली उसळल्या, तेव्हा शेतकऱ्यांच्या मागण्यांत आपला कापूस आपणच जिन करू आणि आपणच विकू, ही एक ठळक मागणी होती. चौकशी आयोगाने तिच्याकडे चिथावणीचा भाग म्हणून पाहिले. तीनच वर्षांनी मात्र काही जिन ताब्यात घेऊन आफ्रिकी सहकारी संस्थांना देण्याची तरतूद सरकारला करावी लागली.

हिंगणघाट किंवा वणीच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या घरातल्या कोणालाही ही हकीकत परकी वाटणार नाही. फरक एवढाच, की विदर्भात आपण या व्यवहाराकडे काट्याच्या अलीकडून पाहतो. शेतकरी आपला आणि भाव पाडणारा तो दुसरा. युगांडात काट्याच्या पलीकडे आपला देश उभा आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले, त्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते निर्वासितांच्या बाजूने, आणि त्यांच्यावर झालेला अन्याय खराच होता. मात्र त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांत कापूस पिकवणाऱ्याला आपल्या माणसांविषयी काय वाटत होते, हे मला मराठीत कुठे वाचायला मिळाले नाही. ते शोधणे हे माझ्या प्रबंधाचे काम आहे.

या ठिकाणी एक खुलासा करायला हवा. आफ्रिकेचा विषय निघाला की मलिक अंबरचे नाव पुढे करण्याची आपल्याकडे रीत आहे. आपणही 'निदान अंबरावर तरी लिहायचे' असे सुचवले आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेल्या, निजामशाही सावरणाऱ्या आणि १६१० मध्ये खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवणाऱ्या त्या माणसाविषयी मला अपार कुतूहल आहे. परंतु त्याची कारकीर्द हा दख्खनचा इतिहास आहे. आफ्रिकेचा जेवढा भाग आपल्या अंगणात येऊन पडला तेवढाच अभ्यासायचा, ही अट मला मान्य नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या निमित्ताने मी या विषयात शिरले हे खरे, पण प्रबंध बुगांडातल्या शेतकऱ्याचा आहे, गिरणीचा नाही.

आता आपला पहिला आक्षेप. गोंड इतिहासाची उपेक्षा झाली आहे, यात मी आपल्याशी शंभर टक्के सहमत आहे. पण ती का झाली? देवगडच्या जाटबाचे नाव 'ऐन-ए-अकबरी'त येते, बख्त बुलंदने नागपूर वसवल्याचे आपण सारेच सांगतो, आणि या दोन नावांच्या मधले बरेचसे परधानांच्या, म्हणजे गोंडांच्या पारंपरिक गायकांच्या, गाण्यांत आणि घराण्यांच्या आठवणींत आहे. जाटबाने गवळी राजांना मारून राज्य घेतले, या कथेत कोणती माणसे खरी, किती पिढ्या गाळल्या गेल्या आणि दोन-तीन राजांची कृत्ये एकाच्या नावावर जमा झाली आहेत का, याची छाननी करण्याचे साधन आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मला तरी शिकवले गेले नाही. तिथे मोडी होती, फारसी तवारिखांची ओळख होती, नाणी होती, शिलालेख होते. ज्यांनी आपला इतिहास गाऊन जपला, त्यांच्यासाठी एकही तास नव्हता. त्यामुळे गोंड इतिहास मानववंशशास्त्राच्या कपाटात गेला आणि तिथेच राहिला.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण पाहावे. त्यांनी नागपूरच्या परिसरात परधानाकडून मिळवलेली, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गाथा त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी छापली. ती छापली गेल्यामुळे टिकली, ही मोठीच गोष्ट. पण आफ्रिकेवर काम करणारा संशोधक तिला हात घालण्यापूर्वी विचारील, की गाणारा कोणत्या गावचा, कोणाच्या यजमानकीतला. लिहून घेणाऱ्याने गोंडीतून कोणत्या भाषेत आणले आणि वाटेत काय सोडले. आणि छापील पाठ पुढे शाळा-पुस्तकांतून फिरून पुन्हा गाणाऱ्यांच्या तोंडी गेला का. हा शेवटचा प्रश्न तिथे फार पुढे गेला आहे. छापील इतिहास वाचून किंवा ऐकून सांगणारे आपली परंपरा कशी दुरुस्त करून घेतात आणि वंशावळी कशा लांबतात, यावर डेव्हिड हेनिगे यांनी १९७४ मध्येच स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या तक्रारीचा इलाज मला तरी याच वाटेवर दिसतो. कोणी आफ्रिका शिकून गोंडवनाकडे वळला तर उत्तमच. कोणी न वळता किमान ही पद्धत मराठीत आणली, तरी ते काम वाया जाणार नाही.

नोकरीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून आणि मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकेच्या अभ्यासाची सोय आहे, जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही आहे. यांपलीकडे जागा मोजक्याच. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात, ते संपले की पुढचे आपले आपण पाहायचे. परदेशी दफ्तरखान्यात जायचे तर त्या देशाचा संशोधन परवाना, व्हिसा आणि राहण्याचा खर्च हे वेगळेच प्रकरण. आपली काळजी रास्त आहे. घरात एकाची तरी नियमित मिळकत नसेल तर हा विषय घेऊ नये, असेच मी विद्यार्थ्यांना सांगते. मात्र सध्याच्या भरतीच्या परिस्थितीत भोसले काळावर प्रबंध लिहिणाऱ्यालाही तासिका तत्त्वावरच शिकवावे लागते, तेव्हा हा आक्षेप एकट्या आफ्रिकेवर लादू नये, ही विनंती.

प्रतिक्रियेच्या शेवटी आपण लिहिले आहे, की तरुणपणी रामटेक आणि छिंदवाड्याकडच्या गावांतून आपण परधानांची काही गाणी वहीत उतरवून घेतली होती, आणि 'त्यांना इतिहास म्हणण्याचे धाडस' आपल्याला कधी झाले नाही. त्या वहीत गाणाऱ्याचे नाव, गाव, त्याने ते कोणाकडून घेतले आणि ऐकताना आणखी कोण बसले होते, यांपैकी काही नोंदवलेले आहे का? एकच गाणे दोन गावांत ऐकलेले असेल आणि दोन्ही पाठ वेगवेगळे उतरवलेले असतील, तर ते माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. दिवाळीपर्यंत मी नागपुरातच आहे. आपण म्हणाल त्या दिवशी येऊन, आपल्यासमोर बसून ती वही पाहीन; पानांची छायाचित्रे घ्यायची की नाही, ते आपण ठरवावे.

कळावे, लोभ असावा.