कला बहरावी असे वाटत असेल तर

उद्या एखाद्या राज्याचा कारभार आपल्या हाती आला आणि तेथील कला बहरावी अशी सदिच्छा मनात उपजली, तर वाचकहो, अनुदाने आणि शाली-श्रीफळे यांवर पैसा उधळू नका. जपानमधील तोकुगावा राजवटीचा कित्ता गिरवा आणि सरळ बंदी घाला. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, चेरीच्या लाकडावर कोरून छापलेली उकियो-ए चित्रे सामान्य माणसालाही परवडत, आणि त्याला त्यांत गणिका, काबुकी या नाट्यप्रकारातील नट आणि चहागृहातील देखण्या मुली पाहायच्या असत. एवढ्या उघड आवडींना बंदीवाचून धार कशी येणार?

आरंभ शृंगारिक चित्रांपासून करावा. 1722 मध्ये ती निषिद्ध ठरली, दुकानाच्या दर्शनी भागातून आतल्या फडताळात गेली आणि तपासनिसाची नजर तेथे पोहोचत नसल्यामुळे पुढे अधिकच भपकेबाज झाली. 1790 पासून इतर चित्रांवर मंजुरीचा शिक्का सक्तीचा झाला; आज त्यावरून अभ्यासकांना चित्रांचा काळ ठरवता येतो, इतकी दूरदृष्टी कोणत्या अकादमीला असते?

गणिकांखेरीज इतर स्त्रियांची नावे चित्रावर छापू नयेत, असा हुकूम 1793 मध्ये निघाला. तेव्हा उतामारो या चित्रकाराने ओकिता या चहागृहातील मुलीच्या चित्राच्या कोपऱ्यात भाजीच्या जुड्या, बाण, समुद्र आणि भातखाचर काढून त्यांच्या जपानी उच्चारांतून तिचे नाव कोड्यात घातले, आणि गिऱ्हाइकांना चित्राबरोबर कोडे सोडवण्याचा आनंदही मिळू लागला. 1796 मध्ये कोडीही बंद झाली. 1804 मध्ये मात्र हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाचे चित्र काढल्याबद्दल त्याच उतामारोला हातकड्या घालण्यात आल्या आणि दोन वर्षांनी तो वारला. असा दणका जपून द्यावा, कारण कलावंतच संपला तर पुढची बंदी घालायची कोणावर?

होकुसाई या चित्रकाराच्या फुजी पर्वतावर कोणी बंदी घातली नाही, तरी छत्तीस दृश्यांची त्याची मालिका लोकाग्रहास्तव शेचाळीसवर गेली. हा आमच्या सिद्धान्ताला किंचित बाधा आणणारा अपवाद आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे.

खरे वैभव 1842 चे. नट आणि गणिकांची चित्रेच नकोत, असे ठरले, रंगांच्या ठशांवरही मर्यादा आली. कुनियोशी या चित्रकाराने मग नटांचे चेहरे मांजरांना आणि माशांना बसवले, कधी कोठाराच्या भिंतीवर पोराटोरांनी केलेल्या रेघोट्यांच्या मिषाने तेच चेहरे काढले. पुढच्याच वर्षी त्याने आजारी योद्धा आणि त्याला घेरणारी भुतांची फौज, अशी एक निरागस पुराणकथा छापवली; त्या योद्ध्यात लोकांना आपला शोगुन, म्हणजे तोकुगावा सत्ताधीश, दिसला आणि भुतांत त्याच्या सरकारच्या असल्या सुधारणांनी पिडलेली प्रजा. घाबरलेल्या प्रकाशकाने ठसे नष्ट केले, तर इतरांनी चोरून नव्या आवृत्त्या काढल्या, आणि प्रसाराचा खर्च सरकारला एका नाण्याचाही आला नाही.