चौथ्या वर्षी विमान कोण चालवणार होतं?

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा विषय निघाला की आमच्या गावच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं नारायण राणेंनी आणलं, दुसऱ्याचं म्हणणं उद्धव ठाकरेंच्या काळात सुरू झालं. आणल्यावर ते चालवायचं कुणी, यावर दोन्हीकडे चिडीचूप.

जरा उजळणी करू. 2018 साली गणपतीच्या आदल्या दिवशी परुळ्याच्या सड्यावरच्या त्या धावपट्टीवर एक छोटं विमान उतरवलं, तेही गणपतीची मूर्ती घेऊन. मार्च 2019 मध्ये, आचारसंहितेच्या तोंडावर, पहिलं उद्घाटन. प्रवासी विमान मात्र 9 ऑक्टोबर 2021 ला, दुसऱ्या उद्घाटनानंतर. त्या दिवशी ठाकरे आणि राणे एकाच व्यासपीठावर होते आणि सगळ्या चॅनेलांनी विमान सोडून त्यांची टोलेबाजीच दाखवली. बरोबरच आहे म्हणा, टीआरपी तिथेच होता.

आणि विमान खरंच भरायचं हो! सत्तरएक सीटांचं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, मुंबईहून सव्वा-दीड तासात चिपी. ज्या मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, त्याच्यावर हाडं खिळखिळी करून घेणाऱ्या चाकरमान्याला ही चैनच. परतीच्या रांगेत कोकम आगळाच्या बाटल्या हातातल्या पिशवीतून काढून मोठ्या बॅगेत कोंबणाऱ्या मावश्या मी स्वतः पाहिल्यात. ‘ह्यां पाणी न्हय रे बाबा, आगळ आसा,’ असं त्या सिक्युरिटीवाल्याला समजावत होत्या, आणि तो बिचारा हिंदी भाषिक.

मग बिनसलं कुठे? छोटी शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेचं गणित बघा. अर्ध्या सीटा ठरलेल्या स्वस्त दरात विकायच्या, कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची. हा पैसा मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावून गोळा होतो, थोडा वाटा राज्य सरकार उचलतं. पण हे सगळं तीन वर्षं. ऑक्टोबर 2021 अधिक तीन म्हणजे ऑक्टोबर 2024. बरोबर त्याच सुमारास चिपीचं मुंबई विमान बंद पडलं. ही तारीख पहिल्या दिवसापासून कॅलेंडरवर होती. तरी आपले पुढारी असे चकित झाले जणू रात्रीतून दरड कोसळली!

मधल्या काळात, जानेवारी 2023 पासून, उत्तर गोव्यातलं मोपा विमानतळ सुरू झालं. सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला ते जवळ, शिवाय मोठी विमानं आणि दिवसभर पर्याय. मोपा होणार हेही काही गुपित नव्हतं. त्यात मुंबईत उतरायला जागेची मारामार. तिथला स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, सत्तर सीटांच्या विमानावर कोण खर्च करेल? फ्लाय 91 या विमान कंपनीने 2024 मध्ये चिपीला हैदराबाद, बेंगळुरू, पुणे जोडलं, त्याचं कौतुकच. पण आमचा माणूस राहतो लालबाग-डोंबिवलीत.

नांदेडची कथा वेगळी नाही. ‘उडान’च्या अगदी पहिल्या दिवशी, 27 एप्रिल 2017 ला, नांदेड-हैदराबाद विमान उडालं होतं. 2022 मध्ये ते चालवणारी ट्रूजेट कंपनीच बसली आणि मग 2024 पर्यंत नांदेडकर पुन्हा रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर.

‘कोकणात विमानतळ हवाच कशाला, रेल्वेचे डबे वाढवा’ असं म्हणणारे आत्ता कमेंटमध्ये येतील. डबे वाढवाच! पण धावपट्टीवर पैसा ओतून झालाय. आता ती गुरांना चरायला सोडायची का?

माझं म्हणणं एवढंच, की तुटीची भरपाई तीन वर्षांनी एकदम शून्यावर आणायची नाही, दरवर्षी थोडी थोडी कमी करायची. मुंबईतला एक स्लॉट राज्याने भांडून राखून ठेवायचा. आणि विमानाच्या वेळेला चिपीहून कुडाळ-मालवणला एसटी हवी, नाहीतर तिकिटातले वाचलेले पैसे रिक्षात जातात.

आता रत्नागिरीच्या विमानतळाचं घोडंही पुढे सरकतंय. त्याबद्दल भाषण ठोकायला जो कुणी तुमच्या गावात येईल, मग पक्ष कुठलाही असो, त्याला आधी चौथ्या वर्षाचा हिशोब मागा.