प्रतिक्रियेला उत्तर: रक्ताच्या अहवालावरून कुत्र्याचं अन्न ठरत नाही

"अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवणं बंद करा. रक्त तपासलं की अ‍ॅलर्जी कशाची ते लगेच कळतं, मुक्या जनावराला आठ आठवडे एकाच अन्नावर ठेवणं हा छळ आहे," असं आपण माझ्या लेखावर लिहिलंत. कुत्र्याची खाज अन्नाच्या अ‍ॅलर्जीने आहे का, हे रक्त तपासून नव्हे तर आठ आठवडे ठरावीक अन्न देऊन कळतं, असं त्यात मी म्हटलं होतं. मतभेद जरूर असावेत. पण 'अर्धवट' आणि 'छळ' हे शब्द वापरण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता. खाजेने हैराण जनावरं बघणं हे माझं रोजचं काम आहे. सतत चाटून पंजांची लव तांबूस होते, बोटांच्या बेचक्यात कातडी ओली आणि लाल राहते, कान पुन्हा पुन्हा चिघळतात. छळ म्हणायचंच असेल तर याला म्हणा.

एक मान्य करतो: आठ आठवडे म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि काही कुत्र्यांना त्याआधीच उतार पडतो, हे लेखात ठळक यायला हवं होतं. पण म्हणून मुदत कमी होत नाही. पोटाच्या तक्रारी लवकर थांबतात, कातडी निवायला वेळ लागतो.

आता रक्ताच्या तपासणीबद्दल. तिच्यात प्रतिपिंडं, म्हणजे एखाद्या पदार्थाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, मोजतात, आजार नव्हे. ठणठणीत कुत्र्याच्या रक्तातही कोंबडी, दूध, गहू 'पॉझिटिव्ह' येतात, आणि ज्याला खरंच अन्नाची अ‍ॅलर्जी आहे त्याचा अहवाल कोरा येऊ शकतो. धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे किडे), परागकण यांच्यासाठी ही तपासणी कामाची आहे. तीही निदान झाल्यावर, अ‍ॅलर्जीची सवय लावणाऱ्या लसीत काय घालायचं ते ठरवायला.

अन्नाचं निदान चाचणी-आहारानेच होतं. आधी घरातल्या सगळ्या प्राण्यांच्या पिसवांचा बंदोबस्त, मग कातडीवरच्या जिवाणू आणि यीस्टच्या संसर्गावर उपचार. हे राहिलं तर आहार कितीही अचूक असला तरी खाज थांबत नाही. त्यानंतर हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांचं किंवा कुत्र्याने कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचं अन्न. दुकानातल्या 'एकच प्रथिन' लिहिलेल्या पाकिटांवर विसंबू नका, त्यांत दुसऱ्या प्रथिनांची भेसळ सापडलेली आहे. चाचणी फसते ती बहुधा कडेकडेने: मांसाच्या चवीची चघळायची गोळी, चवीची टूथपेस्ट, चीजमध्ये दडवलेलं औषध, मांजराची वाटी, मुलाच्या हातातलं बिस्किट. दर आठवड्याला खाजेला शून्य ते दहा गुण देऊन लिहून ठेवा, कारण आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

आणि शेवटची पायरी, जी बहुतेक जण गाळतात: बरं वाटल्यावर जुनं अन्न पुन्हा द्यायचं. काही तासांपासून दोन आठवड्यांत खाज उलटली आणि चाचणीचं अन्न सुरू केल्यावर पुन्हा शमली, तरच निदान पक्कं. नाहीतर फरक अन्नाने पडला की ऋतू बदलल्याने, हे सांगता येत नाही.

"माणसांत तर एका दिवसात कळतं," हेही सरसकट खरं नाही. प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून करायची तपासणी) १५ ते २० मिनिटांत वाचतात, पण ती पॉझिटिव्ह येऊनही तो पदार्थ बिनत्रास पचवणारी माणसं असतात. निकेलच्या बकलाने पोटावर उठणारा इसब तर रक्तातल्या आयजीईत, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांत, दिसतच नाही, कारण तो टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींचा उद्योग आहे. त्याला पाठीवर पॅच लावून ४८ तास ठेवतात आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा बघतात.

माणसाला मांजराची अ‍ॅलर्जी असेल तर मांजराचे केस कापावेत, या सल्ल्याचं उत्तर लेखातच आहे: त्रास लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाचा असतो. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्यात मला रस नाही.

राहिला आपला कुत्रा. अहवालाप्रमाणे अकरा पदार्थ बंद केले आणि खाज निम्मी झाली, हा आपला पुरावा. त्याच परिच्छेदात आपण लिहिलंय की प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही चालू आहे. स्टिरॉइडने खाज कोणत्याही अन्नावर दबते. गोळ्या एकदम तोडू नका. पशुवैद्यांना विचारून मात्रा उतरवत न्या, आणि पूर्ण थांबल्यावर त्याच आहारावर किमान दोन आठवडे गुण लिहा. तोवर त्या अकरा पदार्थांबद्दल ना आपल्याला काही म्हणता येईल, ना मला.