आमचा पक्षप्रवेश

गेल्या आठवड्यापासून मला 'नेते' म्हणणाऱ्यांची संख्या सतरावर गेली आहे. त्यात आमचा दूधवालाही आहे, आणि तो नेमकं बिल मागताना म्हणतो.

झालं काय, पुण्याच्या साडूशी पैज लागली. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली ती १९३० साली, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, १९३१. मार्शल लॉ १९३० च्या मे महिन्यातला, फाशी पुढच्या जानेवारीतली. तो म्हणाला, मोबाईलवर बघू. मी तावातावानं म्हणालो, मोबाईल कशाला? आमच्याकडं दगडावर कोरलंय, फोटो पाठवतो. हा माज नडला.

तारखेचं म्हणाल तर १२ जानेवारी सोलापूरकर विसरूच शकत नाही. गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली असते, घरोघरी नंदीध्वजाच्या गप्पा चाललेल्या असतात आणि चार पुतळ्यांना हार पडतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. पाढ्यासारखी एका दमात येतात ही नावं. घोळ होतो तो सालाचा.

तर तो दगड. जागा सांगत नाही, शेजारच्या सोडावाल्याशी मला अजून संबंध ठेवायचे आहेत. गेलो तर दगडावर फ्लेक्स. एका युवा नेत्याचा वाढदिवस, खाली शुभेच्छुकांचे बावीस चेहरे. मार्शल लॉत याच गावात गांधी टोपी घातली म्हणून शिक्षा होत होती. बावीस जणांत एकाच्याही डोक्यावर टोपी नव्हती, गॉगल मात्र एकोणीस.

"काय बगलालाव मालक?" सोडावाला.

"दगड वाचायचाय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अतिक्रमणवाले का?"

"नाही हो. नुसतं वाचायचंय."

"वाचून?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. मी विचारलं, तुम्ही कधी वाचलाय का?

"अकरा वर्षं झाली इथं. समदे मला दगडाजवळचा सोडावाला म्हणतेत. पण वाचायचं म्हणजे दगडाकडं तोंड करावं लागतंय. गिऱ्हाईकाकडं पाठ होती की."

बिनतोड होतं. पुढं त्यानं ऐकीव इतिहास सांगितला, तोही लिंबू पिळत. मे १९३० मध्ये गावात तीन-चार दिवस इंग्रजांचं राज्यच नव्हतं, हे त्यानं बरोबर सांगितलं. "तवाच आपण स्वतंत्र झालतो. मग दिल्लीवाल्यांनी सतरा वर्षं लावली." गिऱ्हाईक आलं तसा इतिहास थांबला. गिऱ्हाईक गेलं, इतिहास सुरू. मला दोन सोडे प्यावे लागले, एक मसाला, एक साधा. पैसे दोन्हीचे घेतले.

शेवटी त्यालाच दया आली. "गाठ सोडतो. तुम्ही वरचं टोक धरा, आत डोकं घालून वाचा."

मी टाचा उंचावून फ्लेक्स धरला. दुपारचा एक, सोलापूरचं ऊन, नाकापाशी नेत्याची हनुवटी. आत अंधारात बोटानं चाचपत गेलो: १२ जानेवारी, १, ९, ३... आणि पुढं खिळा. फ्लेक्सचा खिळा. एवढ्या मोठ्या दगडात कारागिराला तेवढाच एक आकडा सापडला!

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, इकडं बघा!" मी बघितलं. हसलोसुद्धा, सवयीनं.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो होता. मी घामाघूम, निष्ठेनं फ्लेक्स उचलून धरलेला, वर नेत्याचे जोडलेले हात. खाली ओळ: 'सरांचा पक्षप्रवेश, अभिनंदन!' एकशेदहा अंगठे. बायकोचाही होता.

इथवर मी हसत होतो. मग फोन सुरू झाले. "सर, आता साहेबांना सांगा की, आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांआड येतंय." एकजण ड्रेनेजसाठी घरी आला. चहा पिऊन गेला. पंचवीस वर्षं मी याच पाण्यासाठी अर्ज लिहितोय, पोचपावत्यांची फाईल आहे माझ्याकडं. ती कुणी बघितली नाही. फ्लेक्सला हात लावल्याबरोबर मात्र मी कामाचा माणूस झालो. आणि त्या दगडावर खिळा ठोकलाय, याबद्दल एकाचाही फोन नाही.

साडूनं मोबाईलवर साल बघितलं असणार, कारण त्याबद्दल तो आता चकार शब्द काढत नाही. पक्षप्रवेशाबद्दल रोज विचारतो.

काल खिशात पक्कड घालून परत गेलो. फ्लेक्स नवा होता, नेता नवा होता, खिळा तोच.

"आलाव का नेते?" सोडावाला म्हणाला. "बरं झालं. जरा गाठ बगा, पोरं ढिली मारून गेलेत."