कडधान्यं घरी शिजवू नका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या सोलापुरातल्या सोसायट्यांच्या, शाळेच्या पालकांच्या, भजनी मंडळांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय: "घरी कडधान्य शिजवणं आजच बंद करा." त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. कडधान्यात लेक्टिन नावाचं विष असतं. शिजवायला गॅस इतका जातो की डबाबंद उकडलेले दाणे स्वस्त पडतात. आपल्याकडच्या जड पाण्यात ती शिजतच नाहीत, सोडा घालावा लागतो. शिजवल्यावर सत्त्व जातं, त्यामुळे खायचीच तर मोड आणून कच्ची खा. चाळिशीनंतर त्यांनी वात आणि युरिक अॅसिड वाढतं. आणि त्यांतलं प्रोटीन अपुरं असतं, त्यापेक्षा पावडर घ्या.

माझं जुळे सोलापुरात जेवणाच्या डब्यांचं काम आहे. मटकी, हुलगा, मूग, चवळी, हरभरा आलटून पालटून रोज शिजतात. हा मेसेज आल्यापासून काही घरांनी "काकू, उसळ नको, बटाटा द्या" असं कळवलंय. ज्यांना परवडतं ते पनीर आणतील, अंडी आणतील. पण विडीच्या नाहीतर यंत्रमागाच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात उसळ बंद झाली तर ताटात भाकरी आणि चटणीच उरते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

लेक्टिनचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. लेक्टिन म्हणजे दाण्यातलं एक प्रकारचं प्रथिन, आणि लाल राजम्यात ते खरोखर जास्त असतं. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. पण उपायही तितकाच पक्का आहे. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात खळाखळा उकळत अर्धा तास तरी शिजवा. कुकरमध्ये उष्णता 120 अंशांच्या आसपास जाते, तिथे दाणा मऊ शिजला की हे लेक्टिन टिकत नाही. धोका आहे तो मंद आचेवर तासन्‌तास ठेवण्यात. विजेच्या स्लो कुकरसारख्या भांड्यात उष्णता 80 अंशांच्या वर गेलीच नाही, तर राजमा कच्च्याहून जास्त बाधू शकतो. मटकी-मुगात हे प्रमाण राजम्याच्या मानाने फारच कमी, आणि ती आपण कुकरला नाहीतर उकळत्या रश्शात शिजवतोच. मेसेजने एका दाण्याची गोष्ट सगळ्या कडधान्यांच्या माथी मारली आहे, आणि तिच्यावरचा उपाय सांगितलेलाच नाही.

आता गॅस. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम गॅस जाळतो. रात्रभर भिजलेला हरभरा कुकरला वीस मिनिटांत होतो, त्यातही पहिली शिट्टी झाल्यावर आपण आच कमी करतो. म्हणजे एका वेळेला फार तर साठ-सत्तर ग्रॅम. सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. नुसता हरभराच शिजवायचा म्हटलं तरी एका सिलिंडरमध्ये दोनशेहून जास्त वेळा शिजेल. मटकीला तर याच्या निम्माही वेळ लागत नाही.

डबाबंद दाण्यांचा हिशोब मेसेजमध्ये सोयीने मांडलाय. डब्यावर 400 ग्रॅम लिहिलेलं असतं, त्यात पाणी धरलेलं असतं. निथळल्यावर हातात येतात साधारण 240 ग्रॅम दाणे, आणि तेवढे दाणे व्हायला 100 ग्रॅम कोरडा हरभरा पुरतो. म्हणजे डब्याच्या किमतीशी तुलना करायची ती 100 ग्रॅम हरभऱ्याच्या किमतीची. हरभरा किलोला शंभराच्या आगेमागे असतो, म्हणजे दहा-बारा रुपयांचा माल आणि वर चार-सहा रुपयांचा गॅस. डबा वाईट असतो असं मी म्हणत नाही. प्रवासात, आजारपणात तो उपयोगी पडतो, आणि आतले दाणे धुऊन घेतले की मीठही बरंच उतरतं. पण तो स्वस्त पडतो म्हणणं साफ चुकीचं आहे.

पाण्याबद्दल मात्र मेसेजवाल्याने दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, मग बोअरचं किंवा टँकरचं वापरावं लागतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, धरून बसतं, मग साल सुटत नाही आणि दाणा चिवट राहतो. यावर माझ्या स्वयंपाकघरातली रीत सांगते. भिजवायला आणि शिजवायला उजनीचं नळाचं किंवा फिल्टरचं पाणी राखून ठेवायचं, बोअरचं फक्त धुण्याला. भिजवताना लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालायचं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल नरम पडते. सकाळी ते पाणी ओतून दाणे धुवायचे, मग शिजवताना मीठ बेतानेच. चिंचेचा कोळ, टोमॅटो, आमसूल दाणा बोटाने सहज चिरडला की मगच, कारण आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायचा थांबतो. मीठ घातल्याने कडधान्य शिजत नाही असं घरोघरी सांगतात, पण अडवतं ते आंबट. सोड्याने दाणा लवकर मऊ होतो हे खरं, पण त्यात ब-1 जीवनसत्त्वाची नासाडी होते, आणि चिमटीचा अंदाज चुकला तर उसळीला साबणासारखी चव येते. एवढं केल्यावर सोड्याची गरज पडत नाही.

आणि पाण्याइतकाच दोष साठवणीचा असतो, हे कुणी सांगत नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या घरात माळ्यावरच्या डब्यात वर्षभर ठेवलेला हरभरा त्या उष्म्याने असा टणक होतो की मग किती शिट्ट्या काढा, दाणा दाणाच राहतो. बाजारातून वर्षाचं एकदम भरू नका, दोन-तीन महिन्यांचं आणा आणि घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवा. मटकी-हुलग्यात मुळातच काही गणंग असतात. भिजवल्यावर सगळे दाणे फुगतात, हे तेवढेच बारीक, गुळगुळीत, चकचकीत राहतात. परातीत पसरून हाताने वेचले की दाताखाली येत नाहीत.

कच्च्या मोडांचा सल्ला मला सगळ्यांत धोकादायक वाटतो. दाण्याला मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई-कोलाय नावाच्या जंतूची साथ पसरली आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तर रात्री भिजत घातलेल्या मटकीला सकाळी फेस आणि आंबूस वास येतो. तेव्हा सहा तासच भिजवा, मधे पाणी बदला, फडक्यात सैल बांधा, मोड दिसले की लगेच शिजवा. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांना कच्चे मोड देऊच नका. मोड आल्यावर क जीवनसत्त्व वाढतं आणि शिजवताना त्यातलं काही जातं, एवढं खरं. वरून लिंबू पिळा. त्याने कडधान्यातलं लोहही अंगी जास्त लागतं.

वाताचं कारण ठाऊक आहे. कडधान्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओजसारख्या साखरा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, त्या पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि तिथल्या जंतूंनी त्या खाल्ल्या की वायू होतो. भिजवलेलं पाणी ओतून दिलं की यातल्या बऱ्याच साखरा त्याबरोबर जातात, मोड आणले की आणखी कमी होतात. फोडणीत हिंग घालाच, पण पाणी ओतायला विसरू नका. ज्यांना सवय नाही त्यांनी अर्ध्या वाटीने सुरुवात करावी, काही आठवड्यांत बहुतेकांचा त्रास कमी होतो.

युरिक अॅसिडबद्दल थोडक्यात. अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांची बारा वर्षं पाहणी झाली, ती 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. मांस आणि मासळीने गाउटचा, म्हणजे युरिक अॅसिडने होणाऱ्या सांधेदुखीचा, धोका वाढलेला दिसला. युरिक अॅसिड ज्यापासून बनतं ते प्युरीन जास्त असलेल्या कडधान्यांसारख्या वनस्पतींनी दिसला नाही.

राहिलं प्रोटीन. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांतले दोन म्हणजे लायसिन आणि मेथिओनिन. ज्वारीत लायसिन कमी, कडधान्यात ते भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते ज्वारी पुरवते. भाकरी-उसळ एकाच दिवसात पोटात गेली की दोन्ही उणिवा भरून निघतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. आता मोजा: चार भाकरींचं पाव किलो पीठ, 25 ग्रॅम. 50 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, 10. 30 ग्रॅम तुरीच्या डाळीची आमटी, 6. शेंगाचटणीतले मूठभर दाणे, 6. वाटीभर दही, 4. एकूण 51. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारसूचनांतही प्रोटीन पावडर टाळायलाच सांगितलंय. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांनी मात्र उसळ किती खावी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, आणि पावडरला तर त्यांना न विचारता हातही लावू नये.